मुगाची पट्टी

उज्ज्वला मगदूमला पाण्याचा कंटाळा आला होता. प्यायच्या नव्हे, तपासायच्या. जिल्ह्याच्या पाणीकेंद्रात तिची सगळी नोकरी लोकांच्या विहिरी, बोअर आणि टाक्यांच्या बाटल्यांत गेली होती, आणि आता तर बाटल्याही येईनाशा झाल्या होत्या. घरोघरी पट्ट्या आल्या होत्या. बोटाएवढी निळी पट्टी पाण्यात बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पांढरी झाली तर पाणी चांगलं, निळीच राहिली तर वाईट. निकाल मोबाइलवरून आपोआप केंद्रात येई आणि उज्ज्वलाच्या पडद्यावर सगळा जिल्हा पांढराशुभ्र दिसे. त्याकडे बघत संध्याकाळ करायची, एवढंच तिचं काम उरलं होतं.

पट्टीने लोकांची तऱ्हाच बदलून टाकली होती. सोयरीक जमवताना मुलीकडचे आधी विहिरीची चौकशी करत. द्राक्षं परदेशी पाठवणारे व्यापारी गावाचे निकाल बघितल्याशिवाय बागेत पाऊल टाकत नसत. एखादं गाव निळं निघालंच, तर तिथे पाहुणे येत, पण आपली बाटली घेऊन येत आणि यजमानाच्या डोळ्यांत न बघता ती उघडत.

पट्टीत जिवंत असं काही नसतं, पण जिवंत गोष्टीचा एक तुकडा असतो. आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात. खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांच्या आतल्या पातळ पडद्यावर एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे जातात, स्लॅब टाकताना रांगेतली माणसं घमेली देतात तसे, आणि शेवटी श्वासातल्या प्राणवायूला जाऊन मिळतात. अंगातली सगळी ताकद या रांगेवर चालते. पुष्कळशी विषं याच रांगेतल्या कुणाचा तरी हात धरतात. हा पडदा पेशीतून सोडवून, साखरेत वाळवून कागदावर बसवला आणि शेवटाला प्राणवायूच्या जागी एक निळा रंग ठेवला, की इलेक्ट्रॉन त्या रंगाला मिळतात आणि रंग उडतो. रांग अडली तर रंग तसाच राहतो. विष कुठलं आहे ते पट्टी सांगत नाही. पेशीला त्रास होतोय, एवढंच ती सांगते आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पहिल्या पट्ट्या बकऱ्याच्या हृदयापासून केलेल्या होत्या. जन्मभर न थांबता चालणारा अवयव, त्यामुळे त्यात तंतुकणिका खच्चून भरलेल्या. त्या पट्ट्या घेऊन केंद्राची माणसं मालगोंडीला गेली तेव्हा गावाने त्यांना वेशीवरूनच चहा पाजून परत पाठवलं. मालगोंडी उज्ज्वलाचं माहेर. गावात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी. सूर्य मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारी ही माणसं बकऱ्याच्या काळजाला आपली विहीर दाखवतील, ही अपेक्षाच खुळचट होती.

मग बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, बैठक बसली. केंद्राने बटाट्याची पट्टी सुचवली. कंदमूळ म्हणून ती बाद झाली. फ्लॉवरची? त्यात अळ्या असतात. शेवटी कुणीतरी मोड आलेल्या मुगाचं नाव काढलं. मोडही वर्ज्य मानणारे दोघे-तिघे होते, पण 'खायचं थोडंच आहे?' म्हणून तेही गप्प बसले. हा मुद्दा बटाट्याच्या वेळी कुणाला सुचला नव्हता.

मुगाची पट्टी निघाली आणि तिने बाजार मारला. स्वस्त, फ्रीजची गरज नाही, आणि वर शाकाहारी. तेव्हा पाण्यात सापडणाऱ्या प्रत्येक विषावर ती तपासून झाली होती आणि बकऱ्याच्या पट्टीला सगळीकडे तोडीस तोड उतरली होती. बघता बघता सगळ्या राज्याने ती उचलली. बकऱ्याची पट्टी फक्त कोर्टाच्या नमुन्यांपुरती राहिली. केंद्राच्या मागच्या खोलीत अस्लम मुजावर नावाचा तंत्रज्ञ ती हाताने बनवी आणि बर्फात ठेवी.

त्या आठवड्यात अस्लम वैतागलेला होता.

"मॅडम, माल मेला," तो दारात उभा राहून म्हणाला. "चांगल्या पाण्यातसुद्धा पट्टी निळीच राहतेय. दुसऱ्यांदा."

"फेकून दे. नवा कर."

"हा नवाच आहे."

उज्ज्वला उठली. "चांगलं पाणी म्हणून काय घेतलंस?"

"शुद्ध पाण्याचं मशीन बंद आहे ना. तुमच्या टेबलाखालचा कॅन घेतला. गावचा."

मालगोंडीतल्या भावाच्या विहिरीचं पाणी ती दर खेपेला माहेराहून आणत असे. शहरातलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे, आणि माहेरचं काही तरी अजून आपल्याकडे येतं याचं तिला बरं वाटे. तिने अस्लमला नळाच्या पाण्यावर पट्टी टाकायला सांगितली. नळाच्या पाण्यात पट्टी हळूहळू पांढरी झाली. माल मेलेला नव्हता. दोघंही कॅनकडे बघत राहिले.

"तुम्ही हेच पिता?" अस्लमने विचारलं.

त्याच पाण्यात तिने मुगाची पट्टी बुडवली. ती तीन मिनिटांत पांढरीफटक झाली.

तेव्हा उज्ज्वला खुर्चीत बसली आणि तिला कॉलेजातलं वनस्पतिशास्त्र आठवलं. झाडाला पळून जाता येत नाही. म्हणून निसर्गाने त्याच्या रांगेला एक जादा वाट ठेवली आहे. जनावराच्या तंतुकणिकेत इलेक्ट्रॉनला रांगेत शिरायला मोठं दार एकच. ते बंद केलं की पुढचे सगळे हातावर हात धरून बसतात. झाडाच्या पडद्यात मात्र शेजारी आणखी एक छोटं दार असतं. मोठं बंद झालं तर माल तिथून आत येतो आणि रांग चालू राहते. मोठं दार अडवणारं विष मुगाला कळतच नाही.

आणि असं विष नव्याने आलं होतं. गेल्या हंगामापासून द्राक्षावरच्या लाल कोळ्यासाठी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी, एक औषध सगळीकडे फवारलं जात होतं. कोळी फटाफट मरत आणि वेलीला काही म्हणजे काही होत नसे. औषधाच्या डब्यावर अभिमानाने लिहिलेला गुण आणि पट्टीचं आंधळेपण ही एकच गोष्ट होती. यात कुणी लबाडी केली नव्हती. कुणावर रागवावं हेही तिला कळेना, आणि रागवायला लागणारा जोरही आता तिच्यात नव्हता.

भीती मात्र वाटली, आणि ती थोरल्या भावासाठी वाटली. मागच्या दिवाळीपासून त्रिशलावैनी फोनवर सांगत होती, ह्यांचा हात थरथरतोय, बटण लागत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून गोळ्या दिल्या होत्या. उज्ज्वलाने दर वेळी विचारलं होतं, पट्टी पांढरी येते ना? मग वय झालं, वैनी.

बाळगोंडादादाचा नियम होता. ऐन तिशीत त्याने मुनिमहाराजांसमोर हात जोडून तो घेतला होता: विहिरीखेरीज दुसरं पाणी प्यायचं नाही. लग्नाकार्याला गेला तरी त्याचा तांब्या बरोबर. मिरजेला दवाखान्यात ठेवलं तेव्हाही वैनी रोज एसटीने घागरभर पाणी नेत होती. नियम मोडण्यापेक्षा तहानेने पडून राहील असा माणूस, आणि त्याची विहीर निळी.

दुसऱ्या दिवशी बर्फाचा डबा घेऊन ती मालगोंडीला गेली. आधी घरी गेलीच नाही. वाटेवरच्या तीन विहिरींचं पाणी तिने बाटल्यांत घेतलं आणि चिंचेखाली बसून पट्ट्या टाकल्या. तिन्ही निळ्या राहिल्या. गावच्या नळाला नदीवरच्या योजनेचं पाणी होतं. तेवढं एक पांढरं आलं.

दादा विहिरीवर पाणी गाळत होता. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं आणि वरून बादलीची धार. ती धार कधी फडक्यावर पडे, कधी बाहेर. वैनी खाली बसून फडक्याची टोकं धरून होती आणि तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. गाळून झाल्यावर दादाने फडकं उलटं करून बादलीत हलकेच धुतलं आणि बादली दोराने अगदी तळापर्यंत सोडून पाण्यात कलती केली. फडक्यावर राहिलेले जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून. लहानपणापासून बघितलेलं हे काम उज्ज्वला आज उभी राहून बघत होती आणि तिच्याने पुढे जाववेना.

"आलीस व्हय?" दादा म्हणाला. "कॅन कुठाय तुजा?"

"दादा, हे पाणी पिऊ नकोस."

त्याने कडाप्प्यावर वाळत टाकलेली सकाळची पट्टी दाखवली. पांढरी. "तुमच्याच हापिसाची हाय ही."

मग तिने सगळं सांगितलं. मूग, दोन दारं, कोळ्याचं औषध. अस्लमची पट्टीही सांगितली, कारण दादाशी खोटं बोलून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. ऐकता ऐकता दादाचा चेहरा आक्रसत गेला.

"माज्या विहिरीचं पानी तू बकऱ्याच्या काळजावर घातलंस?"

"घातलं."

"मला न इचारता?"

"विचारलं असतं तर घालू दिलं असतंस?"

तो खाली बसला. उजवा हात मांडीवर ठेवून त्याने डाव्या हाताने धरला. तरी तो हलत होताच.

"मुगाला काय हुईना, आन् मला हुतंय," तो शेवटी म्हणाला. "जलमभर एवढं मूग खाल्लं. एकांदं दार माज्याबी अंगात निगायला काय झालंतं?"

उज्ज्वलाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. वैनीला मात्र हसू आलं नाही.

"वन्सं, उकळून चालंल का?" तिने विचारलं.

"नाही वैनी. उकळून जात नाही ते."

"मग नळाचं पेतील हे."

"न्हाई," दादा म्हणाला. "नियम हाय."

"नियम तुमचा," वैनी म्हणाली, आणि तिचा आवाज उज्ज्वलाने कधी ऐकला नव्हता इतका चढला. "आन् बटणं कोन लावतंय? घास कोन भरवतंय? वरीस हुत आलं, रातच्याला तुमचा हात छातीवर दाबून झोपती मी. महाराजांनी काय मला इचारून नियम दिलता?"

दादाने मान खाली घातली. मग उज्ज्वलाकडे बघून वेगळंच विचारलं, "ते औषद कोळ्याला कसं मारतंय म्हनालीस?"

"हेच दार बंद करून. आत श्वास घेता येत नाही त्यांना."

"म्हंजी गुदमरून."

"तसंच म्हण."

"किती मरत आसतील गं एका फवारनीत?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "आपल्या द्राक्षबागंत ब्लोअरवर मीच बसतोय. हितं फडकं धुऊन येकेक जीव परत सोडतोय, आन् तितं..." जन्मभर जपलेली गोष्ट कुणीतरी हातातून काढून घ्यावी तसा तो दिसत होता, आणि काढून घेणारी आपण आहोत हे उज्ज्वलाला सोसेना. तिला वाटलं, बर्फाचा डबा उचलावा आणि जावं.

ती म्हणाली, "मी अहवाल पाठवते. केंद्रातून माणसं येतील, ती सांगतील गावाला. तू फक्त आजपासून..."

"अहवाल येस्तवर गाव काय पेनार?"

"दादा, बकऱ्याची पट्टी गावाने वेशीवरून परत पाठवली होती. पाठवणाऱ्यांत तू पुढे होतास."

"म्हनूनच म्हनतोय," दादा उठत म्हणाला. "उद्या सकाळी बस्तीसमोर ये. डबा घिऊन."

सकाळची पूजा आटपून माणसं बस्तीच्या पायऱ्या उतरत होती. डबा आवारात न्यायचा नाही एवढं दादाने बजावलं होतं. रस्त्यापलीकडे दूध डेअरीचा कट्टा होता, तिथे उज्ज्वला बसली. दादाने लोकांना थांबवलं आणि पट्टी कशाची आहे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. काही बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. गावचे पंच सुरगोंडा आप्पा पुढे आले. दादाचे बालमित्र, बागेला बाग लागून.

"बाळगोंडा, तुला काय झालंय? बस्तीच्या दारात ही असली घान?"

"दारात न्हाई, आप्पा. डेअरीवर हाय."

"आमचा न्हाई इस्वास ह्या पट्टीवर. आन् गाव निळं ठरलं तर यंदाचा माल कुनी उचलायचा? तू?"

मागून दोन-चार माना डोलल्या. उज्ज्वलाला हे सगळं आधीच माहीत होतं. ही वाक्यं तिने इतर गावांत, इतर तोंडांनी ऐकली होती, आणि त्यांना द्यायची उत्तरंही तिची पाठ होती, पण ती उत्तरं आजवर कधी लागू पडली नव्हती.

दादाने कट्ट्यावरचा तांब्या उचलला. आप्पांच्या विहिरीचं पाणी, आप्पांच्या सुनेने स्वतः शेंदून दिलेलं. ते बशीत ओतायला लागला आणि थोडं पाणी त्याच्या धोतरावर, थोडं उज्ज्वलाच्या पायांवर सांडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा सांडलं. गावात त्याचा हात हलतो हे कुजबुजीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो घराबाहेर हात खिशात ठेवी. आज त्याने तो सगळ्यांसमोर धरला. शेवटी आप्पाच पुढे झाले आणि तांब्या धरायला त्यांनी हात लावला. लावला आणि चटकन मागे घेतला, कारण त्यांच्या बोटांचीही हालचाल पाण्यावर दिसली होती. बारीक होती, पण पाणी लपवत नाही.

"कवापासनं?" दादाने हळूच विचारलं.

"पाडव्यापासनं," आप्पा म्हणाले. "घरात सांगितलं न्हाई."

उज्ज्वलाने उरलेलं पाणी बशीत ओतलं आणि दोन्ही पट्ट्या त्यात टाकल्या. मुगाची पांढरी झाली. दुसरी निळी राहिली. पाच मिनिटं झाल्यावरही राहिली.

मग दादा डेअरीच्या नळापाशी गेला. वैनीने बरोबर आणलेलं फडकं तोटीला बांधलं. डोळे मिटून तो काही तरी पुटपुटला, ओंजळ धरली आणि नळाचं पाणी प्याला. तीस वर्षांनी. ओंजळीतलं निम्मं सांडलं म्हणून पुन्हा प्याला. आप्पा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आप्पांच्या मागे आणखी एक बाई, मग आणखी कोणी. कोणी आनंदाने उभं नव्हतं. फवारणीच्या, मालाच्या, व्यापाऱ्याच्या गोष्टी दुपारी सुरू होणारच होत्या आणि त्यात कोण कुणाला काय बोलेल हे उज्ज्वलाला आत्ताच ऐकू येत होतं. राज्यभर पांढऱ्या दिसणाऱ्या विहिरींचा अहवाल तिला लिहायचा होता, आणि तो कुणालाही नको असणार होता.

घरी आल्यावर दादा ओसरीवर आडवा झाला. ती त्याच्या उशाशी बसली.

"हात थांबंल का गं?"

"थांबेल असं नाही सांगता येत, दादा. वाढू नये एवढं बघायचं."

"बरं." तो आढ्याकडे बघत राहिला. "आता गावच्या विहिरी ह्याच पट्टीनं बगाव्या लागनार, न्हाई का?"

"दुसरी पट्टी निघेपर्यंत तरी."

"येका काळजात किती पट्ट्या हुत्यात?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने मनात हिशेब केला. "हजारांनी होतात. तुमच्या गावाला वर्षभर पुरून उरतील."

"मग येकच घे. जास्तीचं आनू नको." थोड्या वेळाने तो म्हणाला, "कवा आनतोय तो तुजा मानूस?"

तिला माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या पट्ट्या हाताळून कुठल्या दिवशी तो जीव जातो हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने तिथूनच अस्लमला फोन लावला.

"परवा सकाळी आणणार आहे, मॅडम," अस्लम म्हणाला. "का?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि दादाला सांगितलं, "परवा."

दादाने आतल्या दाराकडे मान वळवली. "ऐकलंस का गं? परवा माजं पान मांडू नको."

आत भांडी वाजायची थांबली. वैनी हात पुसत दारात आली, त्याच्याकडे आणि उज्ज्वलाकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मग माजंबी न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.